हवेतून मोजलेल्या एकशे चाळीस काठ्या

मी एक जुना नकाशा आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो की जगातली कोणतीही थोर वास्तू पहिल्यांदा दगडात उभी राहत नाही, ती कागदावर उभी राहते. दगड मागाहून येतात, हमाल मागाहून येतात, आणि आशीर्वाद द्यायला बिशप तर सगळ्यांत मागाहून येतात. घुमट, मनोरे, ओवऱ्या, कमानी, सारे माझ्यासारख्याच्याच पोटी जन्मलेले आहेत. राजे गेले, त्यांची राज्यं गेली, रेघ मात्र राहिली. अशी ज्याची थोरवी, तो मी सध्या वाल्देपेरासच्या मठातल्या कोठीत एका फळीवर पसरलेला असून माझ्या अंगावर बिहीच्या फळांच्या मुरंब्याची बरणी ठेवलेली आहे.

बरणी कशी आली ते शेवटी सांगतो. आधी जन्म.

माझं कूळ चिंध्यांचं. आईकडून मी इस्पितळातल्या चादरी आणि बापाकडून कोणा खलाशाचा सदरा. हे सगळं कुजवून, कुटून, गाळून माझे ताव झाले. चारशे वर्षांपूर्वी कागद असाच होई, आणि म्हणून तो टिकेही. ज्याने एक जन्म आधीच भोगलाय, त्याला दुसऱ्यात फारसं काही वाटत नाही.

मला काढलं तोरिबियो एस्कुइन नावाच्या मिस्त्रीने. आरागोन मुलखात त्याच्यासारखा कमान बसवणारा दुसरा नव्हता. त्याला लिहिता-वाचता येत नसे. सहीच्या जागी तो गुण्याचं चित्र काढी, आणि ते इतकं काटकोनात येई की नोटरी त्यावरून आपला स्वतःचा गुण्या तपासून घेत. त्याच्याकडे मोठं टेबल नव्हतं, म्हणून त्याने मला स्वयंपाकघरात, पाव मळायच्या फळीवर पसरलं. चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली: मिठाचं भांडं, हातोडी, डुकराच्या मांडीचं हाड आणि स्वतःचा डावा बूट. मग हाडाच्या टोच्याने आधी बिनशाईच्या रेघा ओढल्या, कंपासाने भोकं पाडली, आणि त्यावरून शाई फिरवली. माझ्या अंगावर अशी एकशे सहा भोकं आहेत. मी ती मिरवतो.

"तुझं हे लेकरू उचल," त्याची बायको म्हणाली. "मला पाव मळायचाय."

"वाळू दे ना जरा."

"कालपासून वाळतंय. पाव खाणार आहेस की भिंत?"

शेवटी माझ्या तळाच्या कडेला तोरिबियोने एक आडवी शिडी काढली, दहा पायऱ्यांची. एक पायरी म्हणजे जमिनीवरची एक काठी. एक काठी म्हणजे आठ विती. मित्रांनो, ही शिडी लक्षात ठेवा. तिच्यावर कोणी चढत नाही, पण तिच्यावाचून सगळंच खाली येतं.

आता हा मठ कोणासाठी, ते ऐका. वाल्देपेरास हे गाव दरीच्या दोन काठांवर वसलेलं आहे. मधून नदी, नदीकाठी कातडी कमावणारे, आणि त्यांचा वास. म्हणून दोन्ही काठांची माणसं एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने एकमेकांना नमस्कार करतात. अशा या गावात आठ साध्वी अनवाणी चालत आल्या. एका तेल्याच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत त्यांनी बिऱ्हाड केलं. त्यांच्या वडील होत्या माता एस्कोलास्तिका, ज्यांना सगळे आईसाहेब म्हणत. एका विधवेने त्यांना उत्तर काठावर जागा दिली होती. पण साध्वींचं व्रत असं की भिंतीआड राहायचं आणि परक्याला तोंड दाखवायचं नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी मठ बांधायचा, त्यांना तो बांधून होईपर्यंत बघता यायचा नाही. आपली जागा चढावर आहे की उतारावर, हेसुद्धा त्यांना ऐकूनच ठाऊक.

माळ्यावर भेटीसाठी जाळी होती; तोरिबियो तिच्या या बाजूला बसे, आईसाहेब त्या बाजूला, मध्ये काळा पडदा. भिंतीत एक लाकडी फिरता कोनाडा होता. त्यात मला गुंडाळून ठेवायचं, कोनाडा फिरवायचा, की मी पलीकडे. अकरा वर्षांत त्या दोघांनी एकमेकांचा चेहरा पाहिला नाही. दोघांचेही पाहिले ते मी एकट्याने. तोरिबियोचं नाक मोडलेलं होतं. आईसाहेबांच्या हनुवटीवर तीळ होता. दोघेही माझ्याकडे पाहताना ओठ चावत.

मला पहिल्यांदा आत पाठवून आठवडा झाला, आणि तोरिबियोला बोलावणं आलं.

"मिस्त्री, नकाशा सुरेख आहे," पडद्यामागून आईसाहेब म्हणाल्या. "फक्त आम्हाला गार जेवायला घालणारा आहे."

"ते कसं, आईसाहेब?"

"स्वयंपाकघर या टोकाला, जेवणघर त्या टोकाला, मध्ये प्रार्थनेची जागा. रोज दुपारी मसुराचं पातेलं देवासमोरून जाणार. मसूर गार होणार आणि आमचं ध्यान पातेल्यात."

 तोरिबियो म्हणाला, "माझ्या गवंड्यांना भिंत छातीला लागली तरी या गोष्टी कळत नाहीत. तुम्हाला कागदावरून कशा कळल्या?"

"आम्ही राहून पाहिलं," आईसाहेब म्हणाल्या.

आणि ते खरंच होतं. त्या आठ जणींनी मला जमिनीवर पसरलं होतं आणि प्रत्येकीने एकेक हरभरा घेतला होता. माझ्यावरच्या एका खोलीत एक हरभरा बेताचा मावे. आईसाहेब छोटी घंटा वाजवत. पहाटेची प्रार्थना म्हटली की आठही हरभरे बोटाने ढकलत ओवरीतून देवघराकडे निघत. मग बागेत, मग कामाला, मग जेवणघरात. एक अख्खा दिवस त्या माझ्यावर राहिल्या, प्रार्थनेखेरीज तोंडाने अवाक्षर न काढता. जिन्याच्या वळणावर दोन हरभरे एकमेकांवर आदळले तेव्हा आईसाहेबांनी तिथे खूण केली: जिना रुंद हवा. मित्रांनो, मी पुढे पुष्कळ विद्वान वास्तुशास्त्री पाहिले. कंपास, काटकोन, ग्रीक लोकांची नावं, सगळं त्यांना येई. पण ज्या घरात अजून एक वीटही नाही त्यात दिवसभर नांदून पाहायचं, हे मी त्या एका माळ्यावरच पाहिलं.

सगळ्यांत सुरकुतलेला हरभरा बासिलिसाचा. वय ब्याऐंशी. तिचा दाणा जिन्यावर दोनदा घरंगळला.

"पायऱ्या बुटक्या करायला सांगा त्याला," ती म्हणाली. "नाहीतर मी पडेन, आणि पडले तर तुम्हालाच उचलावं लागेल."

बासिलिसाची इच्छा एकच होती: मरायचं ते आपल्या मठात, आपल्या खोलीत, आणि निजायचं ते आपल्या चौकातल्या मातीत. "या माळ्यावर मेले," ती म्हणे, "तर मला तेलाच्या पिंपांमधून उतरवतील. देवाकडे वास घेऊन जायचं बरं दिसत नाही."

तोरिबियोने स्वयंपाकघर हलवलं. नवा कागद खळीने माझ्यावर चिकटवला, म्हणजे मला ठिगळ लागलं. पायऱ्या बुटक्या केल्या. खाली गुण्या काढला, आईसाहेबांनी सही केली, आणि काम सुरू झालं.

भिंती कमरेला लागल्या आणि बोनिफासियोबुवा आले.

दक्षिण काठावर सान लुपेर्सियोचा मठ होता, करड्या झग्याच्या बुवांचा. एकोणीस बुवा, सगळे भिक्षेवर जगणारे, निम्मे सत्तरीच्या पुढचे. बोनिफासियोबुवा त्यांचे वडील. मला तेव्हा बांधकामावर एका फळीला खिळलं होतं, म्हणून त्यांचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"तोरिबियो, काम चांगलं चाललंय," बुवा म्हणाले. "थांबवायला आलोय."

"बुवा, तुमच्या मठाचं छप्पर मीच केलं होतं."

"गळतं ते."

"कौलं तुम्ही वाचवलीत म्हणून गळतं."

बुवांनी ते मान्य केल्यासारखी मान हलवली. मग भिंतीवर टेकले. "गाव आठवड्याला किती पाव घालतं तुला ठाऊक आहे. आम्हा एकोणीस जणांना पुरतात ते शनिवारपर्यंत, रविवारी पाणी घातलेला रस्सा. त्यात आणखी आठ तोंडं भिक्षेवर आली, तर माझे म्हातारे काय खातील? तुझ्या नकाशातली शाई?"

तोरिबियोने थापीवरचा चुना पुसून काढला. 

बुवांनी खटला लावला, आणि त्यांचा मुद्दा कच्चा नव्हता. रोमहून आलेला जुना हुकूम होता, की भिक्षेवर जगणाऱ्या मठापासून एकशे चाळीस काठ्यांच्या आत तसलाच दुसरा मठ बांधू नये. आणि वाटेत दरी, नदी असं काही असेल तर अंतर हवेतून मोजावं. हवेतून. असं लिहिणारा मनुष्य कधी दरीकाठी उभा राहिला होता की नाही, हे हुकुमात दिलेलं नाही. पुलावरून मोजलं तर अंतर दोनशे काठ्यांच्या वर भरत होतं. पण पूल म्हणजे हवा नव्हे. बुवांचे वकील म्हणाले, एकशे छत्तीस. साध्वींचे वकील म्हणाले, एकशे पन्नास. दोघांनीही हवेतच बोलून हुकुमाचा मान राखला. एका देवळाच्या दारापासून दुसऱ्याच्या दारापर्यंत मोजायचं, यावर मात्र त्यांचं एकमत झालं. सगळ्या खटल्यातलं ते पहिलं आणि शेवटचं.

बिशपच्या न्यायाधीशांनी बांधकामाला मेणाची मोहोर लावली, आत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम दिला, आणि तोरिबियोला सांगितलं की अंतर मोजून कागदावर दाखव.

मार्च महिना, झिमझिम पाऊस. तोरिबियोने उत्तर काठावर दोन खुंट्या ठोकल्या, मधलं अंतर काठीने मोजलं, आणि प्रत्येक खुंटीपाशी पोटावर निजून पलीकडच्या सान लुपेर्सियोच्या दारावर नजरेचा नेम धरला. जमिनीवर मोठा त्रिकोण, कागदावर धाकटा. मोठ्याच्या तीन बाजूंपैकी एकच त्याच्या पायाखाली होती, बाकीच्या दोन हवेत. पण धाकट्याच्या तिन्ही त्याच्या मुठीत होत्या. माझ्या उजव्या बाजूला त्याने आणखी ताव चिकटवले. मी लांबत लांबत साडेतीन हात झालो. माणसाला शेवटी तेवढीच जागा लागते म्हणतात. मला आधीच मिळाली.

दरीच्या जागी त्याने काही काढलं नाही. नदीची एक रेघ आणि दोन्हीकडे कोरा कागद. हवा अशीच दिसते, मित्रांनो. जिथे पक्ष्याखेरीज कोणाचं पाऊल पडलं नव्हतं, तिथे तो अडाणी मनुष्य कंपासाच्या दोन पायांनी चालत गेला आणि पलीकडच्या दाराशी पोहोचला. एकशे चाळीस काठ्या आणि तीन विती. म्हणजे साध्वी कायद्यात बसत होत्या, तीन विती राखून.

मी न्यायालयात दाखल झालो आणि कारकून पेरीसच्या हाती पडलो.

पेरीस वाईट मनुष्य नव्हता. तो टापटिपीचा मनुष्य होता, आणि कागदांना वाईटापेक्षा त्याची भीती जास्त. त्याच्या फडताळात सगळी दफ्तरं एका मापाची. मी घडी घालूनही खालून तीन बोटं बाहेर येत होतो. त्याने पट्टी लावली, चाकू घेतला, आणि माझी तळाची कड सरळ कापून टाकली. त्या कडेत ती शिडी होती. दुखलं का, विचाराल तर कागदाला दुखत नाही. पण एकदम हलकं वाटू लागलं, आणि ते लक्षण चांगलं नव्हे.

पेरीसची आणखी एक सवय होती. शुक्रवारी भिक्षेकरी आले की द्यायला त्याच्याकडे दुसरं काही नसे, म्हणून तो कापलेल्या कागदांच्या पट्ट्या वाटी. त्या शुक्रवारी झोळी घेऊन बोनिफासियोबुवा स्वतःच आले. वडील असले तरी ते आपली पाळी चुकवत नसत.

"बुवा, पाव नाही," पेरीस म्हणाला. "पण जाड कागद आहे. पोथीत खुणेला ठेवा."

"देव तुझं भलं करो," बुवा म्हणाले. "कागदाचा पाव करणं त्यालाच जमेल." आणि न बघताच पट्टी पोथीत सारली. दुसऱ्याचं दान निरखून बघू नये, असा त्यांच्याकडे शिरस्ता आहे.

सुनावणी निघाली ऑगस्टात. बाहेर कुत्री सावलीत आणि आत वकील घामात. मला मोठ्या टेबलावर उलगडलं. बुवांच्या वकिलांनी न्यायालयाचा पितळी गज आणला. तोरिबियोने सगळं अर्ध्या बोटाला एक काठी या हिशेबाने काढलंय, हे दफ्तरात लिहिलेलं होतं. त्यांनी गज लावला, वाकून पाहिलं, आणि सरळ होत म्हणाले, "एकशे एकोणचाळीस काठ्या, एक वीत."

तोरिबियो जागचा उठला. "साहेब, तो आकसलाय."

"कोण आकसलाय?" न्यायाधीश म्हणाले.

"नकाशा. मी काढला तो पावसात. आता दोन महिने उन्हाळा खाऊन बसलाय."

न्यायाधीश संशयी असले तरी न्यायी होते. त्यांनी ओलं फडकं मागवलं आणि माझ्याखाली घातलं. अर्ध्या तासाने मला पुन्हा गज लावला. एकशे एक्केचाळीस काठ्या, एक वीत. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

"म्हणजे साहेब," बुवांचे वकील म्हणाले, "हा मठ पावसात कायदेशीर आणि उन्हात बेकायदा."

"मग वर्षातले सहा महिने साध्वींनी कुठे राहायचं?"

"ते आमच्या अर्जात नाही."

"साहेब, त्याला पितळेने मोजू नका," तोरिबियो म्हणाला. "त्याला त्याच्याच शिडीने मोजा. कागद आकसला की शिडी आकसते, फुगला की शिडी फुगते. म्हणून तर मिस्त्री ती त्याच कागदावर काढतो. खाली बघा, दहा पायऱ्यांची..."

सगळ्यांनी खाली बघितलं. खाली एक अतिशय सरळ कड होती.

"पेरीस," न्यायाधीश म्हणाले.

"मी नीट केला होता, साहेब."

"काय नीट केलंस?"

"कड. बाहेर येत होती."

"कुठे आहे ती?"

"दानात गेली, साहेब. शुक्रवारी. कोणाला ते आठवत नाही. भिक्षेकरी पुष्कळ, आणि पट्ट्याही पुष्कळ."

तोरिबियोने शेवटचा उपाय काढला: बांधलेली भिंत मोजा, मग तीच भिंत नकाशावर मोजा, म्हणजे शिडी आपोआप कळेल. न्यायाधीशांनी विचार केला. भिंत मोजायला आत जावं लागेल. आत जायला मोहोर तोडावी लागेल. आणि मोहोर निकालाखेरीज तुटत नाही, असा हुकूम त्यांनीच दिलेला होता. निकाल द्यायला तर भिंत मोजायला हवी. हे सगळं बोलून दाखवताना त्यांचा आवाज हळूहळू लहान होत गेला.

"उद्या सकाळपर्यंत ती पट्टी आली नाही," ते शेवटी म्हणाले, "तर कोरड्या कागदावरचं पितळी माप धरून निकाल देईन. भिंती उतरवाव्या लागतील, आणि साध्वींनी आल्या वाटेने परत जावं."

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू. माझा तुकडा त्याच दालनात होता. भिंतीलगतच्या बाकावर, बोनिफासियोबुवांच्या काखेतल्या पोथीत. स्वतःचं अंग कोणाला ओळखू येत नाही? मला तोंड असतं तर ओरडलो असतो. पण नकाशाला तोंड नसतं, दारं असतात.

मन थाऱ्यावर आणायला बुवांनी पोथी उघडली. पश्चात्तापाच्या स्तोत्रांपाशी ती पट्टी होती. त्यांनी ती पाहिली. दहा पायऱ्या मोजल्या; त्यांचे ओठ हलताना मला दिसले. मग त्यांनी वर पाहिलं, तोरिबियोकडे नव्हे, आपल्या वकिलांकडे नव्हे, दाराशी उभ्या असलेल्या आपल्या दोन म्हाताऱ्या बुवांकडे. एकाच्या झग्याला कोपरावर ठिगळ होतं आणि ठिगळालाही ठिगळ. बोनिफासियोबुवांनी पोथी मिटली आणि ते घरी गेले.

सकाळी दालन उघडलं तेव्हा ते पायरीवर बसलेले होते.

"साहेब, ही घ्या," ते म्हणाले, आणि पट्टी टेबलावर ठेवली. "माझ्या पोथीत खुणेला होती. कशी आली त्याचं पाप माझं नाही. पण कालच मी ती पाहिली होती. तो कालचा दिवस माझ्या नावे लिहा."

पेरीसने, त्याचाच तो हक्क होता, पट्टी माझ्या कडेला लावली. अशी बसली की फट शोधावी लागली. ती पोथीत सुकली होती आणि मी टेबलावर, पण तीही माझ्यासारखीच त्या गावचा उन्हाळा प्यायली होती, आणि माझी कालची ओल रात्रीत उडाली होती. तोरिबियोने कंपास शिडीवर उघडला आणि माझ्यावर चालायला सुरुवात केली. एक पाऊल दहा काठ्यांचं. देवळाच्या दारातून निघाला, दरीच्या कड्याशी आला, कोऱ्या कागदावर उतरला. बुवांचे वकील वाकून बघत होते. तेराव्या पावलाला नदी मागे पडली होती. चौदावं पाऊल सान लुपेर्सियोच्या दाराच्या किंचित अलीकडे पडलं.

"किती उरलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तीन विती, साहेब."

वकील सगळे कागद आवरत बुवांना म्हणाले, "आपलाच खटला आपण हरवलात."

"तीन वितींनी हरलो," बुवा म्हणाले. "पट्टी घरी ठेवली असती तर कितीने हरलो असतो, ते मोजायला तुमच्याकडे गज नाही."

त्या दुपारी तोरिबियो मला घेऊन जाळीपाशी आला आणि सगळं सांगितलं. पडद्यामागे कोणीतरी रडत होतं. बहुधा बासिलिसा, कारण रडताना ती खोकत असे. 

"एकोणीस म्हणालात?" आईसाहेबांनी विचारलं.

"एकोणीस, आईसाहेब."

"त्यातले म्हातारे किती?"

"निम्मे."

"नकाशा आत द्या."

कोनाडा फिरला. आईसाहेबांनी मला पसरलं, आमच्या बाजूला आठ हरभरे ठेवले, आणि दरीपलीकडे, कोऱ्या कागदाच्या त्या टोकाला, एकोणीस. पावाचा चुरा करून गावातल्या घरांच्या जागी मांडला. मग दोन दिवस त्या आठ जणी दोन्ही मठांत राहिल्या. सोमवारी कोणाची झोळी कोणत्या गल्लीत फिरली, शनिवारी कोणाच्या हाती काय उरलं, रविवारी कोण उपाशी राहिलं. पहिल्या दिवशी सान लुपेर्सियोचे पाच हरभरे उपाशी निजले. दुसऱ्या दिवशी, खूप हलवाहलव झाल्यावर, कोणी नाही.

जे ठरलं ते नोटरीपुढे लिहून झालं: साध्वींसाठी शुक्रवारी-शनिवारी कोणी भिक्षा मागू नये. वरची आळी कायमची बुवांची. बुवांच्या देवळातलं कापड साध्वींनी धुवायचं आणि शिवायचं, बुवांनी त्यांना सरपण द्यायचं. आणि दर हिवाळ्यात बिहीच्या मुरंब्याच्या एकोणीस बरण्या दरीपलीकडे जायच्या. बुवांनी सही करताना एवढंच विचारलं की हे आईसाहेबांना कसं सुचलं. तोरिबियो म्हणाला, "त्या तुमच्याकडे दोन दिवस राहून गेल्या, बुवा." मिस्त्री हवेत फार वेळ उभा राहिल्याने असं बोलतोय, असं समजून बुवांनी त्याला माफ केलं.

माझी पट्टी मला परत जोडली ती साध्वींनी. खळीने चिकटवली असती तर उंदरांनी खाल्ली असती, म्हणून दोऱ्याने शिवली. अकरा टाके. न्यायालयाच्या मोहोरीपेक्षा मला त्यांचा अभिमान जास्त आहे.

मठ बांधून झाला. साध्वी आल्या त्या बंद गाडीतून, तोंडावर जाड बुरखे घेऊन. तोरिबियो दाराबाहेर टोपी काढून उभा. एकदा त्या आत गेल्या की त्याला आत पाय टाकायची बंदी. आपणच चढवलेल्या कमानी तो पुन्हा कधी बघणार नव्हता. आईसाहेब बुरखा न उचलता आत शिरल्या, उजवीकडे वळल्या, ओवरीतून सरळ गेल्या, आणि कोणाला न विचारता स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. मागे सात जणी, तशाच, एकही न अडखळता. कागदावर त्या तिथे कधीच राहून आल्या होत्या. थोड्या वेळाने बंद दारामागून आवाज आला.

"मिस्त्री, आहात का?"

"आहे, आईसाहेब."

"जिन्याला एक पायरी जास्त आहे. नकाशात सोळा. इथे सतरा."

"बासिलिसाबाईंसाठी, आईसाहेब. सतरा केल्या म्हणजे प्रत्येक चढ अर्धं बोट कमी होतो."

 "मग आता तिचा हरभरा घरंगळायचा नाही," आईसाहेब म्हणाल्या.

बासिलिसाला तिची खोली मिळाली. ती आडवी झाली, छत बघितलं, चौकातली माती बघितली, आणि आता कसली घाई नाही म्हणाली. त्यानंतर नऊ वर्षं जगली. "हिला मरता यावं म्हणून एवढा खटला लढलो," आईसाहेब म्हणत, "आणि ही जेवायला सगळ्यांत पुढे."

पुढची चारशे वर्षं थोडक्यात सांगता येतात. आधी मी चौकटीत होतो, मग पेटीत, मग पेटीखाली. मधल्या एका लढाईत मला गुंडाळून तुटक्या खिडकीत कोंबलं होतं; तेव्हा हवेशी माझा दुसऱ्यांदा संबंध आला. एकदा एका विद्वानाने मला पांढरे हातमोजे घालून उचललं आणि टाक्यांकडे बघून नाक मुरडलं. स्वयंपाकघरावर तेलाचा एक गोल डाग आहे, तो सुरकुतलेल्या हरभऱ्याचा. विद्वानाने आपल्या वहीत त्याला 'विहीर' असं लिहून घेतलं.

म्हणून मित्रांनो, जुना कागद दिसला तर त्याला रद्दी म्हणू नका. त्याच्या कडा कापू नका. कोणाच्या भिंती कोणत्या कडेवर उभ्या असतील सांगता येत नाही. आणि एखादं माप घ्यायची वेळ आली, तर ज्याचं माप घ्यायचं त्याची शिडी आधी शोधा. तोरिबियो गेला, आईसाहेब गेल्या, त्यांना एकमेकांचा चेहरा माहीत नव्हता, पण त्यांनी बांधलेल्या छपराखाली आजही पाच साध्वी ऊन ऊन मसूर खातात. एवढं मोठं काम कागदाच्या एका तावावर होऊन गेलं, हे विसरू नका.

बरणीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मुरंबा अजून दर हिवाळ्यात होतो, वजन असलं की मी वळत नाही, आणि ठेवणारीने ती बरोबर स्वयंपाकघरावरच ठेवली आहे. फक्त कोणी कोठीत जाणार असेल तर तिला एवढं सांगा, की ठेवण्याआधी बरणीचं बूड पुसत जा. चिकटतं.